खड्ड्यातला कातळ कुणाचा?



ज्या साहेबांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्याच हाताखाली मी टेप धरायला शिकलो. नवीन कामावर गेलं की बाकीचे इंजिनिअर आधी नकाशा मागायचे. साहेब कोरा कागद मागायचे. या कामाबद्दल आज आपल्याला काय काय माहीत नाही, त्याची यादी करायला लावायचे. ती यादी झाल्याशिवाय दराचं बोलणं नाही. तेव्हा मला ते वेळकाढूपणाचं वाटायचं. आज इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर माझी खात्री झाली आहे, की बांधकामाचा करार म्हणजे त्या यादीचीच वाटणी असते. काय बांधायचं ते नकाशा सांगतो. जे माहीत नाही ते कुणाच्या अंगावर पडणार, हे दर ठरवण्याची पद्धत सांगते.

एक प्रसंग सांगतो. पुण्याबाहेर उताराचा प्लॉट. निवृत्त शिक्षक पती-पत्नी, आयुष्यभराची पुंजी. ठेकेदार ओळखीतला, कामाला चांगला. करार काय? लेटरहेडवर दोन ओळी : अमुक इतका स्क्वेअर फुटाचा दर, पायासह, मटेरियलसह. चार फुटांपर्यंत मुरूम सुरेख निघाला. आणि एका सकाळी पहार टणकन वाजली. अर्ध्या खड्ड्यात काळा कातळ, अर्ध्या खड्ड्यात मुरूमच. ठेकेदार म्हणाला, "सर, ब्रेकर लावावा लागेल, त्याचे पैसे वेगळे." सर म्हणाले, "अहो, पायासह असं तुम्हीच लिहून दिलंय ना?" दोघंही प्रामाणिक. दोघांचंही बरोबर. काम सात आठवडे थांबलं, पाऊस आला, खड्ड्यात पाणी भरलं, कडा ढासळल्या.

मला त्या दिवशी खड्ड्याच्या काठावर उभं केलं होतं ते निवाडा करायला. मी काय निवाडा करणार? तो कातळ लाखो वर्षं तिथेच होता. तो कुणाचा, हे दोन ओळी लिहिताना ठरवायला हवं होतं, आणि ते ठरवलं नव्हतं.

म्हणून आजचा माझा पहिला मुद्दा. बांधकामाच्या खर्चात दोन गोष्टी अनिश्चित असतात. काम किती निघेल, आणि त्या कामाला भाव काय पडेल. परिमाण आणि दर. बाकी सगळ्या पद्धती या दोन ओझ्यांची अदलाबदल आहेत. बाबनिहाय दराच्या करारात परिमाण वाढलं तर मालकाचं, दर चुकला तर कंत्राटदाराचा. ठोक रकमेच्या करारात, म्हणजे आपण ज्याला लमसम म्हणतो त्यात, दोन्ही ओझी कंत्राटदारावर. खर्च अधिक मोबदला या पद्धतीत दोन्ही मालकावर. आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा बी-१ नमुना टक्केवारीचा आणि बी-२ बाबनिहाय दराचा, हे इथल्या कंत्राटदारांना पाठ आहे. बी-१ मध्ये खात्यानं दरसूचीवरून अंदाजपत्रक केलेलं असतं, कंत्राटदार फक्त "इतके टक्के अबोव्ह" किंवा "इतके टक्के बिलो" भरतो. मोजमाप तरीही होतंच. तेव्हा ती बाबनिहाय पद्धतीचीच सख्खी बहीण.

आता कुणी म्हणेल, मग सोपं आहे, सगळं कंत्राटदारावर टाका आणि निवांत झोपा. श्रोतेहो, ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं म्हणून त्याचं वजन कमी होतं का? कातळ लागेल अशी भीती असेल तर शहाणा कंत्राटदार ती भीती दरात धरतो. मग कातळ नाही लागला तरी तुम्ही त्याचे पैसे दिलेले असतात. आणि ज्यानं ती धरली नाही त्याचा दर सगळ्यात कमी येतो, काम त्यालाच मिळतं, आणि कातळ लागला की तोच काम सोडून जातो. मग तो कातळ पुन्हा तुमचाच. फरक एवढाच, की आता पाऊस चालू आहे आणि नवा माणूस अर्धवट कामाला दुप्पट भाव सांगतो आहे.

दुसरा मुद्दा स्क्वेअर फुटाच्या दराचा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडची निम्मी भांडणं इथे जन्माला येतात. लोक विचारतात, "साहेब, सध्या काय रेट चालू आहे?" जणू घर म्हणजे भाजी आहे. स्क्वेअर फूट कशाचे मोजायचे? जिन्याचे एकदा की प्रत्येक मजल्याला? गच्चीच्या कठड्याचे? बाल्कनी पूर्ण की निम्मी? वरची पाण्याची टाकी, खालची टाकी, कंपाउंड, सेप्टिक टँक? ते कुणी लिहिलेलं नसतं.

पण त्याहून मूळची अडचण वेगळी आहे. वीस बाय वीसची एक खोली घ्या. चारशे स्क्वेअर फूट, भोवतीची भिंत ऐंशी फूट. त्याच चारशे फुटांत मधे दोन आडव्या-उभ्या भिंती घालून दहा बाय दहाच्या चार खोल्या करा. चाळीस फूट भिंत वाढली, म्हणजे दीडपट झाली. त्याबरोबर दोन्ही बाजूंचं प्लास्टर, दारं, चौकटी, रंग, विजेचे पॉइंट. स्क्वेअर फूट किती? चारशेच! मालकीणबाईंनी मधेच देवघर वेगळं मागितलं, तर त्यांच्या दृष्टीनं क्षेत्रफळ वाढलंच नाही आणि ठेकेदाराच्या दृष्टीनं खिसा फाटला. तो तोंडानं बोलत नाही. पण मग खिडक्यांच्या ग्रिलची पट्टी पातळ होते, वॉटरप्रूफिंगचा एक हात कमी पडतो, आणि तिसऱ्या पावसाळ्यात ते देवघरच गळायला लागतं. स्क्वेअर फुटाचा दर घर परवडेल का, हा अंदाज बांधायला ठीक आहे. करार करायला नाही. हे मी आजवर शेकडो घरमालकांना सांगितलं असेल आणि आजही तितक्याच कळकळीनं सांगतो आहे.

मग ठोक रक्कम? ठोक रक्कम उत्तम पद्धत आहे, पण तिची एक अट आहे : नकाशे पुरे हवेत. आर्किटेक्टचे, आरसीसीचे, नळाचे, विजेचे, दाराच्या कडीपर्यंतचे. किती जण ठोक करार करताना हे सगळं हातात घेऊन बसतात? बहुतेकांकडे महापालिकेला दिलेला मंजुरीचा नकाशा असतो. त्यात भिंत असते, भिंतीवर कोणती टाइल ते नसतं. त्या नकाशावर ठोक रक्कम ठरवली, की उरलेलं सगळं "एक्स्ट्रा" होतं. ठोक रकमेची दुसरी मेख हप्त्यांत असते. प्लिंथला इतके टक्के, पहिल्या स्लॅबला इतके, दुसऱ्याला इतके. स्लॅब पडेपर्यंत ऐंशी टक्के पैसे गेलेले आणि घरात अजून एक दार नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. झालेल्या कामाच्या मोलापेक्षा दिलेला पैसा कधीही पुढे जाता कामा नये.

मजुरीच्या ठेक्याबद्दल थोडक्यात. त्यात माल मालकाचा, हात ठेकेदाराचे. लोकांना वाटतं, यात आपण वाचवलं. पण वाळू ब्रासवर येते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, फाळक्यापर्यंत भरलेल्या ट्रकचं माप काढून. आणि वाळू ओलसर असली की फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असली तर पाव हिश्शानं किंवा त्याहूनही जास्त फुगू शकते. शंभर घनफुटांचे पैसे दिले, कोरडी केली तर ऐंशीच्याच आसपास भरली. नोकरी सांभाळून घर बांधणारा माणूस रोज सकाळी ट्रकपाशी उभा राहणार आहे का? त्यातून, मजुरीवरच्या गवंड्याला सांडलेला मसाला परत उचलायची गरज वाटेलच असं नाही. तुमच्याकडे वेळ असेल आणि नजर असेल तर मजुरी ठेका जरूर द्या. नसेल तर देऊ नका.

आता बाबनिहाय दर. मी याच पद्धतीत वाढलो, तेव्हा माझा थोडा पक्षपात धरून चाला. खोदाई मुरुमात इतकी, खोदाई कठीण खडकात इतकी, दोन्हींना वेगळे दर. प्लॉटवरच्या त्या सरांच्या करारात ही एक ओळ असती, तर त्या दिवशी टेप लावून खडक मोजला असता आणि दुपारी ब्रेकर सुरू झाला असता. या पद्धतीत भांडण कमी होतं ते माणसं चांगली असतात म्हणून नाही, मोजमाप दोघांच्या डोळ्यांदेखत होतं म्हणून. मोजायचं कसं, हेही ठरलेलं आहे. भारतीय मानक आयएस १२०० त्यासाठीच आहे. प्लास्टर मोजताना खिडकीची वजावट करायची का? अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही. त्यापुढे तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचं वजा करायचं, दुसऱ्या बाजूची वजावट सोडायची ती कडांच्या कामापोटी. ज्यानं कुणी हा नियम केला त्यानं गवंड्याला खिडकीची कड साधताना नीट पाहिलं असलं पाहिजे. ती कड सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ खाते.

पण याही पद्धतीत खाचा आहेत. अनुभवी कंत्राटदार खोदाई-काँक्रीटचे दर चढे भरतो, रंग-फरशीचे पडते. एकूण बेरीज कमी दिसते. सुरुवातीचं काम झालं की त्याच्या हातात नफा आलेला असतो आणि पुढचं तोट्याचं काम करायची त्याला घाई नसते. म्हणून निविदा उघडल्यावर शेवटची बेरीज पाहून थांबू नका, एकेक दर वाचा. सरकारी कामातही केवळ बिलो भरणाऱ्याबद्दलची ही काळजी आहेच. ठरावीक मर्यादेखाली दर गेला की जादा सुरक्षा ठेव मागतात. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये ज्या सूचना काढल्या, त्यांत तर सगळ्यात कमी दराखेरीज गुणवत्तेलाही वजन देऊन काम देण्याची वाट काही कामांसाठी मोकळी केली.

तिसरा मुद्दा, खर्च अधिक मोबदला. ही पद्धत आपल्याकडे "सुपरव्हिजन चार्ज" म्हणून चालते. जो खर्च होईल तो द्या, वर दहा टक्के. ऐकायला किती सरळ! पण विचार करा : फरशी दुप्पट भावाची घेतली तर त्या दहा टक्क्यांचं काय होतं? तुमचा खर्च वाढला की ज्याची कमाई वाढते, त्याच्याच हाती तुम्ही खर्च दिलात. अमेरिकेच्या संघ सरकारच्या करारांत खर्चाच्या टक्केवारीवर मोबदला देणं या कारणानं निषिद्धच आहे. मोबदला द्यायचा तर एक रक्कम ठरवून द्या, खर्च वाढो की घटो. जमलं तर खर्चाची वरची मर्यादाही बांधा आणि मर्यादेखाली जे वाचेल ते दोघांनी वाटून घ्या.

मग ही पद्धत वाईटच का? नाही. जुन्या वाड्याची दुरुस्ती घ्या. भिंतीचा गिलावा काढल्याशिवाय आतला सागवानी खांब वाळवीनं पोखरलाय की शाबूत आहे, कोण सांगणार? तिथे ठोक रक्कम मागणं म्हणजे कंत्राटदाराला खोटं बोलायला लावणं. तिथे खर्च अधिक ठराविक मोबदला हाच सचोटीचा करार. फक्त मालकानं मग रोज हिशेब पाहिला पाहिजे.

मालकावर ओझं आहे आणि मालकाला ते माहीतच नाही, तर काय होतं? स्कॉटलंडच्या संसदेची एडिंबरोतली इमारत. १९९७ मध्ये सरकारनं आकडा सांगितला होता एक ते चार कोटी पौंडांचा. २००४ मध्ये ती उघडली तेव्हा खर्च झाला होता एकेचाळीस कोटी चाळीस लाख पौंड, आणि तीन वर्षं उशीर. आर्किटेक्ट एन्रिक मिरालेस मोठ्या प्रतिभेचा, तो काम चालू असताना २००० मध्येच वारला. लॉर्ड फ्रेझर यांनी चौकशी केली. लोकांना वाटलं होतं, कुठेतरी पैसे खाल्ले असतील. फ्रेझर यांनी बोट ठेवलं ते करार पद्धतीच्या निवडीवर. एकच कंत्राटदार आणि एकच किंमत असं न करता, काम तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या कंत्राटदारांना द्यायचं आणि व्यवस्थापकाला शुल्क द्यायचं, असं ठरलं होतं. घाई होती, नकाशे पुरे व्हायच्या आधी काम सुरू करायचं होतं, म्हणून. अशा पद्धतीत वाढत्या खर्चाचं सगळं ओझं मालकावर, म्हणजे इथे जनतेवर. पद्धत बेकायदा नव्हती. जगात ती इतरत्र यशस्वी झालेली आहे. पण ओझं कुणाचं हा प्रश्न निवड करताना नीट विचारला गेला नाही. साहेबांचा तो कोरा कागद तिथे कुणी मागितला नाही.

चौथा मुद्दा, आणि हा अलीकडच्या वर्षांनी शिकवलेला : भाववाढ. २०२१ पासून सळईचे भाव असे चढले, की मे २०२२ मध्ये केंद्रानं पोलादाच्या निर्यातीवर पंधरा टक्के शुल्क बसवलं, तेव्हा कुठे ते उतरले. त्या दिवसांत ठोक रकमेत अडकलेली कितीतरी कामं आमच्या भागात अर्धवट उभी होती. साधा हिशेब करा. दोन हजार फुटांच्या घराला फुटाला चार किलो धरली तर आठ टन सळई. किलोमागे वीस रुपये वाढले की एक लाख साठ हजार. छोट्या ठेकेदाराचा वर्षभराचा प्रपंच त्यात जातो. बाजाराचा भाव ना त्याच्या हातात, ना मालकाच्या. मग तो एकट्यानं का सोसायचा?

उपाय जुना आहे. सिमेंट आणि सळईचा मूळ दर करारातच लिहायचा. खरेदीच्या दिवशी भाव वर असेल तर फरक मालकानं द्यायचा, खाली असेल तर कंत्राटदारानं सोडायचा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात हे १०-सीए या कलमानं होतं. आणि खाली येणं कधी घडतच नाही असं समजू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. ज्यांच्या करारात "सर्व करांसह" एवढंच होतं, तिथे तो फायदा कुणाचा, यावर माझ्याकडे लोक आले. ज्यांनी मूळ दर आणि कर वेगळे लिहिले होते, ते आले नाहीत.

एका दमात सांगायचं तर : जमिनीखालचं बाबनिहाय करा, जोत्यावरचं नकाशे पुरे असतील तर ठोक करा, जुनं उकलायचं असेल तिथे खर्च अधिक ठराविक मोबदला द्या, आणि सिमेंट-सळईला मूळ दर बांधा. एकाच करारात हे चारही बसतात. कुणी सांगितलं की एका घराला एकच पद्धत हवी?

आता शेवटी माझ्या जिव्हाळ्याचा विषय, आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांची दुरुस्ती. उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांनी संरचनात्मक ऑडिट करायचं असतं. ऑडिट झालं की सर्वसाधारण सभा भरते आणि पहिला प्रश्न येतो, "एकदाच काय ती फायनल रक्कम सांगा." मला ती माणसं समजतात. कुणाच्या पेन्शनीतून हप्ता जाणार असतो, कुणाच्या मुलीचं लग्न तोंडावर असतं. पण कॉलम फोडल्याशिवाय आतली सळई किती गंजली ते एक्स-रे काढल्यासारखं कुणालाही दिसत नाही. ठोक रक्कम घेतलेला कंत्राटदार मग फुगलेला भाग हातोडीनं वाजवतो आणि पोकळ आवाज आला तरी पुढे जातो, कारण तो जितका फोडेल तितकं त्याचं नुकसान. इमारतीचा जीव आणि कंत्राटदाराचा नफा असे आमनेसामने उभे करणारा करार आपणच का करायचा?

म्हणून दुरुस्ती बाबनिहायच असावी. पॉलिमर मॉर्टर इतक्या जाडीचं, चौरस मीटरला इतकं. सळई बदलली तर किलोला इतकं. अंदाजे परिमाणं लिहा, आणि त्यावर काही टक्के राखीव निधी त्याच सभेत मंजूर करून ठेवा, म्हणजे परिमाण वाढलं की सेक्रेटरीला चोर ठरवायची वेळ येत नाही.

आमच्याच भागातल्या एका सोसायटीत असं केलं. सभेत ज्या काकांनी सगळ्यात जोरात ठोक रकमेचा आग्रह धरला होता, त्यांनाच मी म्हटलं, "काका, रविवारी सकाळी पार्किंगमध्ये या." आठ वाजता आम्ही टेप लावला. काकांनी एक टोक धरलं, कंत्राटदाराच्या मुकादमानं दुसरं. फोडलेल्या कॉलमची एकेक बाजू मोजत गेलो. पहिल्या दोन कॉलमना काका नुसते आकडा ऐकत होते. तिसऱ्याला त्यांनी स्वतः वाकून सळईवर नखानं ओरखडा काढला. गंजाचा पापुद्रा सुटून त्यांच्या हातात आला. त्यांनी तो तळहातावर धरला, मुकादमाकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथून अजून थोडं वर फोडा. तिकडेही पोकळ वाजतंय." मुकादमानं छिन्नी लावली. मी वहीत त्या ओळीपुढचा आकडा खोडून नव्यासाठी जागा सोडली.